नियमराजाचा डोंगर आणि बारा ग्रामसभा

"आपण देव मानत नाही, मग डोंगरातल्या देवासाठी कशाला भांडायचे?" हा प्रश्न हल्ली आपल्याच तरुणांकडून येतो. त्याचे उत्तर ओडिशात आहे.

रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरी ही डोंगररांग आहे. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा नियमराजा देवळात बसत नाही, डोंगर हाच तो. माथ्यावरचे जंगल तोडायचे नाही, हा त्याचा नियम. माथ्यावर बॉक्साइटचा थर आहे. तो पावसाचे पाणी धरून ठेवतो, म्हणून खालचे झरे उन्हाळ्यातही वाहतात. शहरी माणूस ज्याला अडाणीपणा म्हणून हसला, तो पाणी राखण्याचा कायदा होता.

वेदांत कंपनीने पायथ्याशी लांजीगडला अॅल्युमिनाचा कारखाना आधी उभारला. खाण काय, मिळेलच! पण 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनपरवानगी नाकारली. ओडिशाचे सरकारी खाण महामंडळ (कंपनी नव्हे, सरकार!) सर्वोच्च न्यायालयात गेले. 18 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने संविधानाची कलमे 25 व 26 आणि 2006 चा वनहक्क कायदा यांच्या आधारे सांगितले की, धार्मिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभाच तपासतील. राज्य सरकारने डोंगरातल्या असंख्य वाड्यांतून फक्त 12 गावे निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये न्यायाधीशांच्या देखत सभा झाल्या आणि बाराच्या बारा गावांनी नकार दिला. जानेवारी 2014 मध्ये केंद्राने प्रकल्प फेटाळला.

आता मूळ प्रश्न. नियमराजा खरा की खोटा, हे न्यायालयाने ठरवलेच नाही. डोंगराबद्दल बोलायचा अधिकार कोणाचा, एवढेच ठरवले. ज्या कलम 25 मध्ये सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे, त्याच कलमाच्या राज्यात आपण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जुना धर्म टाकून धम्म घेतला. ते कलम आपल्यापुरते खरे आणि कोंधांपुरते खोटे, असे कसे चालेल?

आणि ओडिशा तरी कशाला? गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या टेकड्यांवर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच टेकड्यांत लोहखनिजाची खाण चालू आहे. तो भाग पाचव्या अनुसूचीतला, पेसा कायदा तिथे 1996 पासून लागू. त्या गावांत जाऊन 2013 चा निकाल वाचून दाखवणारे आपल्यातले किती जण आहेत?