जिनातला पट्टा आणि मोटारीतला

मोटारीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलावा काय, हा प्रश्न खामगावी निघतो तेव्हा आम्हांस या कापसाच्या गावातला जुना पट्टा आठवतो. १८७० साली जलंब-खामगाव लोहमार्ग झाला. पुढे जिनिंग कारखान्यांत इंजिनाची शक्ती सपाट पट्ट्यांवरून यंत्रांपर्यंत पोचू लागली. तो पट्टा घसरला तर काम थांबे, एवढेच. पुन्हा चढविला की सरकी पूर्ववत सुटू लागे.

जुन्या अँबॅसडरमध्ये आणि पद्मिनीत साखळी होती. दातेरी पट्टा १९६२ साली जर्मनीतल्या हान्स ग्लास कंपनीच्या १००४ या मोटारीत आला. आपल्या मध्यमवर्गीय अंगणात तो आणला १९८३च्या मारुती ८००ने. हा पट्टा शक्तीहून अधिक वेळ वाहतो: क्रँकशाफ्टचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक. (त्यालाही पट्टाच म्हणणे ही भाषेने केलेली दिशाभूल.) काही दाते चुकले तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि वाचविलेली मजुरी इंजिनच गिळते.

म्हणून पान्हे आहेत काय, हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. खुणा जुळविल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हा जुळतात काय, हे पाहण्याइतका धीर नसेल, तर गाडी गॅरेजात न्यावी.