कायमचा पत्ता

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत 31 वर्षं कामाला होते. 1951 साली लागले आणि 1982 च्या संपात बाहेर पडले ते कायमचेच. ते गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचा पास, रेशनकार्ड आणि निरनिराळ्या अर्जांच्या नकला निघाल्या. त्या प्रत्येक अर्जात ‘कायमचा पत्ता’ या रकान्यासमोर त्यांनी एकच पत्ता लिहिला होता, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाचा. वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला मिळून जेमतेम महिनाभर ते त्या पत्त्यावर असत. उरलेले अकरा महिने लालबागेत. तरी लालबागचा पत्ता त्यांच्या लेखी तात्पुरताच होता.

मी जन्मभर इतिहास शिकवला. पण राहण्याच्या जागेचाही इतिहास असतो, आणि एकाच जागेचे चार माणसांच्या मनात चार इतिहास असतात, हे मला त्या ट्रंकेनं शिकवलं.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी दावर यांनी 1854 साली केली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सगळा भाग गिरण्यांनी भरून गेला. या गिरण्यांना माणसं पुरवली ती प्रामुख्यानं रत्नागिरी जिल्ह्यानं, आणि पुढं साताऱ्यासारख्या घाटावरच्या जिल्ह्यांनी. कोकणात जमीन थोडी, तीही कातळाची, वर खोतांचा वाटा. समुद्रमार्गे बोटीनं मुंबई गाठणं मात्र सोपं. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसं शहराबाहेर जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. याचा अर्थ सरळ आहे. पुरुष मुंबईत आले आणि घर गावाला राहिलं.

या गावाकडे कोण कसं पाहत होतं? गिरणीमालकांना गाव म्हणजे कटकट वाटे. भातलावणी आली, लग्नसराई आली की कामगार गावी पळतो, खाडे वाढतात, ही त्यांची तक्रार. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी 1929 साली व्हिटली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1931 मध्ये आला. आयोगानं म्हटलं की कामगार शहराच्या ओढीनं येत नाही, गावातली गरिबी त्याला ढकलते. आणि गावाशी असलेला त्याचा धागा तोडू नये, जपावा. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी तर दाखवून दिलं की हा धागा कामगाराचं बळ होता. 1928 साली गिरण्यांचा संप सहा महिने चालला. पगार नसताना माणसं इतके दिवस तगली, त्याचं एक कारण म्हणजे गावाकडं असलेला भाकरतुकडा. त्याआधी 1896 च्या प्लेगातही लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि गावचीच वाट धरली होती.

माझ्या वडिलांचं गाव हे असं होतं. आमच्या गावाची लालबागेत एक खोली होती. दहा बाय बाराची. तिच्यात आमच्याच वाडीतले तीस-बत्तीस पुरुष राहत. पाळीनुसार झोपायचं, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. जेवण एका मावशींच्या खानावळीत. भिंतीवर खुंट्या, प्रत्येकाच्या नावाची एक. तीस वर्षं माणूस एका खुंटीवर काढतो, तेव्हा त्याला आपलं अंगण आठवणारच. सातवीनंतर मीही त्या खोलीत राहायला आलो. रात्री दिवा मालवला की बोलणी सुरू व्हायची ती गावचीच. कुणाचा फणस धरला, कुणाची गाय व्याली, यंदा पालखी कुणाच्या दारात नाचली. ऐकणाऱ्याला वाटावं, स्वर्ग तो हाच.

आई मात्र त्या स्वर्गात राहत होती. पहाटे उठून उतारावरच्या विहिरीचं पाणी भरायचं, हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर. दिवसभर चार हात खाली वाकून शेत, संध्याकाळी सासूचे पाय. पोस्टमन दिसला तर महिना निभावला. 1968 साली तिला औषधपाण्यासाठी दोन महिने मुंबईला आणलं. नात्यातल्या एका बिऱ्हाडात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ती राहिली. परत निघताना वडील म्हणाले, “चला, सुटलीस एकदाची या कोंडवाड्यातून.” आई काही बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी तिनं मला सांगितलं, “तुझ्या बाबांना कोंडवाडा दिसायचा. मला नळ दिसायचा. वर माडीवर पाणी येतं, अजून माणसाला काय हवं रे?” गावाचं कौतुक मी आमच्या खोलीत पुष्कळ ऐकलं, पण ते पाणी भरणाऱ्या बाईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

तिसरा माणूस आमच्याच गावच्या बौद्धवाडीतला. वडील त्यांना गाववाले म्हणत, मी काका म्हणे. दोघं एकाच गिरणीत. पण काका आमच्या खोलीत राहत नसत. वरळीच्या बीडीडी चाळीत त्यांना खोली मिळाली आणि मिळाल्याबरोबर त्यांनी बायको-मुलं मुंबईला आणली. गणपतीला सगळे गावी पळत, तेव्हा काका चाळीच्या दारात पेपर वाचत बसलेले असत. “काका, गावाला नाही आलात?” असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “बाळा, तुझा बाबा आणि मी एकाच गावचे. पण गावात विहिरी दोन होत्या.” एवढंच बोलून त्यांनी पेपर उलटला.

त्यांच्या या एका वाक्यामागे मोठा वाद आहे. गांधीजींनी 1909 साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं, त्यात यंत्रं, रेल्वे आणि मोठी शहरं यांच्याबद्दल त्यांनी कडक टीका केली. 1936 साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. तेच पुढं सेवाग्राम झालं. 1945 च्या ऑक्टोबरात त्यांनी नेहरूंना लिहिलं की सत्य आणि अहिंसेनं जगायचं तर खेड्यातच जगावं लागेल. नेहरूंचं उत्तर रोखठोक होतं: खेडं विचारानं मागासलेलं असतं, तिथून प्रगती कशी व्हायची? आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याची संभावना संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा अशा अर्थाच्या शब्दांत केली. अनेक सभासद दुखावले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचं कलम घटनेत घालण्यात आलं. आजचं कलम 40 ते हेच.

बाबासाहेबांचं घराणंही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचं. ते स्वतः परळच्या चाळीत वाढले आणि राहिले. शहराविषयीही त्यांचा भाबडा समज नव्हता. गिरणीत विणकामाचं खातं चांगल्या पगाराचं, पण तिथं अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण विणकऱ्यांना त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. म्हणजे दुसरी विहीर मुंबईतही होतीच. पण मुंबईत गर्दी होती, ट्राम होती, नळ होता, आणि रस्त्यावर कुणी ‘तू कुठल्या वाडीतला’ म्हणून विचारत नव्हतं. काकांना तेवढं पुरेसं होतं.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडिलांनी आठ महिने वाट पाहिली, मग ट्रंक घेतली आणि कायमच्या पत्त्यावर आले. आम्हाला वाटलं, आता ते सुखी होतील. तसं झालं नाही. पहाटे भोंग्याच्या वेळेला ते उठून बसत. शेतात उतरले तर आईच म्हणे, “तुम्ही बांधावर बसा, तुम्हाला जमायचं नाही.” गावात त्यांचं नाव मुंबईकर पडलं. एकदा मला म्हणाले, “मुंबईत मी गावचा होतो. गावात मुंबईचा झालो.” ज्या गावाच्या आठवणीवर त्यांनी 31 वर्षं काढली, ते गाव आमच्या खोलीतल्या गप्पांत होतं. डोंगरावरचं गाव आईनं चालवलं होतं.

1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. गाव जवळ आलं, पण माणसं गावात परतली नाहीत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर उतरली. 2011 साली तिथं हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या आकड्याशी हा आकडा ताडून पाहावा. 2020 च्या टाळेबंदीत चाकरमानी पुन्हा गावाकडं निघाले, तर गावांनी त्यांना आधी शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवलं. 1896 ची वाट तीच होती, स्वागत तेवढं सावध होतं.

गेल्या वर्षी आमच्या घराला गिऱ्हाईक आलं. मुंबईचे गृहस्थ, सुट्टीला राहण्यासाठी जागा शोधत होते. त्यांनी अंगणात उभं राहून एकच विचारलं, “इथं शांतता असते ना?” आम्ही भाऊ भांडलो. जो भाऊ गावात कधीच राहिला नाही, तोच विकू नये म्हणून हटून बसला. शेवटी आईला विचारलं. ती आता सत्त्याऐंशीची आहे आणि वडील गेल्यापासून माझ्याकडे डोंबिवलीला असते. ती म्हणाली, “ठेवा, विका, तुमचं तुम्ही बघा. पण ठेवायचं तर आधी विहिरीवर पंप बसवा आणि पाणी घरात आणा. शेजारची सून अजून तिथूनच हंडे वाहते. मग या गणपतीला आणि गाव किती छान म्हणा.”

पंप बसला. शेजारच्या घरालाही नळ दिला. घर अजून विकलेलं नाही.

त्याच सुमारास जमिनीच्या वारसनोंदीसाठी आईचा अर्ज भरायचा होता. ‘कायमचा पत्ता’ या रकान्याशी माझं पेन थांबलं. आयुष्याची साठाहून अधिक वर्षं जिनं त्या गावात काढली, तिला मी विचारलं, “आई, इथं काय लिहू?”

“डोंबिवली लिही,” ती म्हणाली. मी तसं लिहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)