१२ जीबी मोकळी असताना

हा दिवस मी रचलेला आहे, पण त्यातला मेमरीचा हिशोब विंडोज खरोखर मांडतं तोच आहे. लग्नाचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ, ३२ जीबी रॅमचा संगणक, आणि संध्याकाळी सातला द्यायची फिल्म.

सकाळी १०. नऊ तास बाकी.
एडिटर पेज फाइल बंद करतो, म्हणजे रॅममधला मजकूर गरजेला उतरवायला विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल. एवढी रॅम असताना डिस्कवर ही फाइल कशाला, उगाच एसएसडी झिजते, असं त्याला कुणीतरी पटवलेलं आहे. एसएसडीची ही भीती जुनी आहे. २००९ मध्ये विंडोज ७ च्या अभियंत्यांनी मोजून सांगितलं होतं, की पेज फाइलमध्ये एकदा लिहिलं जातं तेव्हा साधारण ४० वेळा वाचलं जातं. ती एसएसडीवर खुशाल ठेवा. बंद करताना विंडोज इशारा देतं, की मशीन कोसळलं तर कारण शोधायला लागणारी नोंद कदाचित मिळणार नाही. इशारा खरा आहे, पण आज जे होणार त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

दुपारी १२.
सगळं सुरळीत. मशीन वेगवान झाल्यासारखं वाटतं. पण रॅम मोकळी असताना विंडोज पेज फाइलकडे फारसं वळतच नव्हतं, मग ती काढून वेग वाढणार कुठून?

दुपारी २. पाच तास बाकी.
टास्क मॅनेजरमध्ये वापरात १३ जीबी. त्याच्याजवळच 'कमिटेड' नावाची जोडी असते, तिथे नजर सहसा जात नाही: २१ / ३१.८.

सगळी गोष्ट या जोडीत आहे. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती द्यायचा शब्द देतं, आणि पाळता येईल तेवढाच शब्द देतं. त्याची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. मागितलेली जागा प्रोग्रॅमने अजून वापरली नसली तरी ती हिशोबात धरली जाते. एसटीत आरक्षित आसन रिकामं दिसतं, तरी कंडक्टर ते दुसऱ्याला देत नाही, तसं. पेज फाइल असती तर या न वापरलेल्या शब्दांना तिचा आधार मिळाला असता. डिस्कवर प्रत्यक्षात काही लिहावंही लागलं नसतं. आता प्रत्येक शब्दामागे खरी रॅमच उभी करावी लागते आहे.

दुपारी ४.
ब्राउझरमध्ये संदर्भासाठी डझनभर टॅब, फोटोंचा प्रोग्रॅम, रंग दुरुस्त करणारा आणखी एक. २७ / ३१.८. सकाळी उघडून विसरलेला अल्बमही रॅममध्ये बसून आहे. त्यातला न जतन केलेला मजकूर उतरवायला डिस्कवर जागाच ठेवलेली नाही, म्हणून विंडोजला तो हलवता येत नाही. उलट, डिस्कवरून पुन्हा वाचता येईल असा कामाचा मजकूर मात्र गरज पडली की रॅममधून बाहेर जाऊ शकतो. पेज फाइल काढल्याने कामाच्याच गोष्टीला जागा कमी पडते, याचं मला फार वाईट वाटतं.

संध्याकाळी ५:४०.
३०.६ / ३१.८. सिस्टिमच्या नोंदवहीत २००४ क्रमांकाची नोंद उमटते: आभासी मेमरी कमी पडते आहे, सर्वात जास्त खाणारे प्रोग्रॅम हे. एडिटर नोंदवही उघडत नाही. कोण उघडतं?

संध्याकाळी ६:१०. पन्नास मिनिटं बाकी.
अंतिम रेंडर सुरू होतो आणि एकदम २ जीबी मागतो. विंडोज नकार देतं. व्हिडिओचा प्रोग्रॅम बंद पडतो, मागोमाग ब्राउझरचे टॅब. फोटोंचा प्रोग्रॅम जतन करायला जातो, पण जतन करायलाही थोडी मेमरी लागतेच. तोही जातो. त्या क्षणी वापरात फक्त २० जीबी होती. १२ जीबीच्या आसपास रॅम मोकळी होती.

संध्याकाळी ७.
फिल्म नाही. नोंदवहीत पहिलं नाव व्हिडिओच्या प्रोग्रॅमचं, म्हणून दोष त्याच्यावर जातो, आणि आणखी ३२ जीबी रॅम घ्यायचं ठरतं. तिने मर्यादा ६३ च्या पुढे जाईल; मोठ्या प्रकल्पात तीही गाठता येते. फुकटचा उपाय त्याच सेटिंगमध्ये आहे: पेज फाइलचा आकार विंडोजवर सोपवायचा. मग मागणी वाढली की फाइल वाढते, आणि मर्यादाही. त्यासाठी सी ड्राइव्हवर थोडी जागा मोकळी ठेवली की झालं.