मराठवाड्यातील महिला खेळाडूंची वाटचाल : खो-खो या खेळाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

भारतीय समाजव्यवस्थेत स्त्रीचे कार्यक्षेत्र दीर्घकाळ 'चूल आणि मूल' एवढ्यापुरतेच मर्यादित मानले गेले. शिक्षण, नोकरी व राजकारण या क्षेत्रांतील स्त्रियांच्या प्रवेशाचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. परंतु क्रीडाक्षेत्रातील त्यांच्या संघर्षाकडे इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात खो-खो या अस्सल मराठी मातीतील खेळाच्या आधारे महिला खेळाडूंच्या वाटचालीचा आणि त्यातील मराठवाड्याच्या स्थानाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो १९०० च्या पॅरिस स्पर्धेत. स्वतंत्र भारताच्या वतीने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नीलिमा घोष, मेरी डिसूझा, डॉली नाझीर व आरती साहा या चार महिला सहभागी झाल्या. यांपैकी दोघी धावपटू होत्या, तर दोघी जलतरणपटू. धावमार्ग आणि जलतरण तलाव ही महानगरांची साधने होती. ग्रामीण मुलीच्या वाट्याला ती येणे शक्य नव्हते.

मराठी स्त्रीजीवनात खेळ नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. मंगळागौर व नागपंचमीच्या निमित्ताने फुगडी, झिम्मा, पिंगा असे दमसास पाहणारे खेळ पिढ्यान्पिढ्या खेळले गेले. त्यांना समाजमान्यता होती, कारण ते सणापुरते, घरच्या अंगणात आणि स्त्रियांच्याच मेळ्यात होत. स्त्रीने धावण्याला समाजाचा विरोध नव्हता. चारचौघांसमोर, गुण मोजून आणि परगावी जाऊन धावण्याला होता. महिला क्रीडेच्या इतिहासातील खरा अडसर तो हाच.

खो-खो : अंगणातून मैदानात

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये प्रथम बांधले. पुढे १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूर येथे महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेस प्रारंभ झाला. अनेक खेळांत महिलांना पुरुषांच्या मागून कित्येक दशके तिष्ठत राहावे लागले, हे लक्षात घेता ही घटना महत्त्वाची ठरते. तुलनेसाठी कबड्डीचे उदाहरण पुरेसे आहे. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली. महिलांना त्यासाठी २०१० पर्यंत वाट पाहावी लागली.

खो-खो ग्रामीण मुलींपर्यंत पोहोचला याची कारणे त्याच्या स्वरूपातच आहेत. दोन खांब, आखलेली मध्यपाटी व आडव्या पाट्या एवढीच त्याची सामग्री. शाळेचे पटांगण त्यास पुरते. महागडी साधने लागत नाहीत आणि एका वेळी अनेक मुलींना खेळता येते. गावातील दहा-बारा मुली एकत्र बाहेरगावी जातात तेव्हा पालकांची भीतीही काही अंशी कमी होते.

१९७० मध्ये सुधीर परब यांना व १९७१ मध्ये अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे सन्मानातही महिला अवघ्या एका वर्षाने मागे होत्या. तथापि १९९८ मध्ये शोभा नारायण यांच्यानंतर या खेळास हा पुरस्कार मिळण्यास २२ वर्षे लागली, आणि २०२० मध्ये तो मिळाला मराठवाड्यातील सारिका काळे यांना.

मराठवाड्याचे योगदान

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. शैक्षणिक सुविधांप्रमाणे क्रीडासुविधाही या विभागात उशिरा आल्या. या पार्श्वभूमीवर तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिवच्या सारिका काळे यांची कामगिरी पाहावी लागते. त्यांनी २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. घरच्या गरिबीमुळे अनेक वर्षे दिवसातून एकच वेळ जेवून आपण खेळलो, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे त्या तालुका क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत रुजू झाल्या.

१३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्ली येथे पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातील कळमअंबा गावची. मात्र ती खेळाडू म्हणून घडली ती पुणे परिसरात. बीडच्या मुलीत गुणवत्ता आहे. ती फुलविणारी व्यवस्था मात्र तिला जिल्ह्याबाहेर मिळाली, ही बाब अभिमानाइतकीच अंतर्मुख करणारी आहे.

बीड जिल्ह्यातील वास्तव

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये हे प्रमाण ८९४ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता. यामागे ऊसतोडीचे अर्थकारणही आहे. मुकादमाकडून मिळणारी उचल 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. मुलीचे लग्न होताच नवा कोयता तयार होतो.

शालेय व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा बराच काळ नेमका ऊसतोडीच्या हंगामात येतो. आई-वडील दिवाळीच्या सुमारास फडावर गेले, की घर, धाकटी भावंडे व जनावरे यांचा भार मुलीवर पडतो. सिरसाळ्यासारख्या परिसरातील मुलगी संघातून गळते ती बहुधा मैदानावर हरून नव्हे, तर या व्यवस्थेमुळे.

यशानंतरही विषमता संपत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत संघ पुरुषांचेच होते.

निष्कर्ष

१. महिला क्रीडेतील मुख्य अडथळा शारीरिक क्षमतेचा नसून सार्वजनिक वावर, प्रवास व वेळ यांवरील सामाजिक बंधनांचा आहे.

२. अल्पखर्चिक व सांघिक स्वरूपामुळे खो-खोने ही बंधने ग्रामीण भागात शिथिल केली.

३. राज्याच्या शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणामुळे मुलीचा खेळ कुटुंबाला उपजीविकेचे साधन वाटू शकतो. याची माहिती पालकांपर्यंत पोहोचविणे हे महाविद्यालयांचे काम आहे.

४. ऊसतोडीच्या हंगामात विद्यार्थिनींच्या निवासाची सोय आणि सरावासाठी महिला मार्गदर्शक उपलब्ध झाल्यास गळती रोखता येईल.

विश्वविजेत्या संघाची कर्णधार बीड जिल्ह्याच्या मातीतील आहे. पुढची कर्णधार याच जिल्ह्याच्या मैदानावर घडावी, ही जबाबदारी शिक्षणसंस्थांची व आपणा सर्व प्राध्यापकांची आहे.