पडदा कधी खाली यावा, हे ठरवणार कोण?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांना विषय पटकन सापडतो, प्रश्न सापडत नाही. ‘घरातल्या खिडक्यांचे स्वयंचलित पडदे आणि शटर’ हा झाला विषय. त्यातला प्रश्न कोणता? मोटर कशी बसवायची, हा तर बाजाराने केव्हाच सोडवलेला प्रश्न आहे. अशा वेळी विषयाचा इतिहास काढून बसायचं. कोणत्या काळात लोकांचं घोडं नेमकं कुठे अडत होतं हे कळलं, की आज कुठे अडलंय तेही दिसू लागतं. चला, याच विषयावर करून बघू.

सुरुवात मोटरच्या खूप आधी होते. १७६९ मध्ये लंडनच्या एडवर्ड बेरन यांनी लाकडी पट्ट्यांच्या पडद्याचं पेटंट घेतलं. १८४१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या जॉन हॅम्पसन यांनी पट्ट्यांचा कोन बदलण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना असलेली झिलमिल याच कुळातली. इथे एक गोष्ट टिपून ठेवा: पडदा किती खाली आहे आणि पट्ट्या किती कललेल्या आहेत, ही दोन वेगळी चलं आहेत. उजेड हवा पण ऊन डोळ्यांवर नको, ही मागणी नुसता पडदा वर-खाली करून भागत नाही. त्यासाठी कोन लागतो.

आता थोडं भौतिकशास्त्र. ऊन काचेतून सहज आत येतं. आतला पडदा ते शोषून तापतो आणि उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतो. या लांब तरंगलांबीच्या किरणांना काच फारशी वाट देत नाही. म्हणजे डोळ्यांवरची तिरीप थांबली, तरी बरीचशी उष्णता खोलीतच राहिली. शटर काचेच्या बाहेर असेल तर तापतं तेही बाहेरच. वाळ्याचे पडदे दाराखिडक्यांच्या बाहेर का टांगतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं पाण्याच्या बाष्पीभवनात.

हा धडा वास्तुरचनाकारांनीही चांगलाच चटका बसल्यावर घेतला. पॅरिसमध्ये १९३३ साली ल कॉर्बुझिए यांची ‘सिते द रफ्यूज’ ही इमारत उभी राहिली. दर्शनी बाजूला न उघडणारी मोठी काच, आणि आत गारव्याची पुरेशी सोय नाही. उन्हाळ्यात आत राहणं अवघड झालं. पुढे त्या दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पण अशा पट्ट्या स्थिर असतात आणि सूर्य नसतो. कोणत्या अक्षांशावर, कोणत्या महिन्यात, किती वाजता सावली कुठे पडेल, याचं गणित ओल्गे बंधूंनी १९५७ च्या त्यांच्या पुस्तकात नीट मांडलं. सावलीचं गणित जमलं, की पुढची पायरी उघड होती: पट्ट्याच हलवू या.

हलवण्याचं तंत्र घरांपर्यंत पोचवण्यात फ्रान्समधल्या क्लूझ गावचा मोठा वाटा आहे. घड्याळांच्या सुट्या भागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात १९६९ मध्ये सोम्फी ही कंपनी स्थापन झाली. नळीच्या आकाराची मोटर, आणि ती बसते शटर ज्या नळीवर गुंडाळलं जातं तिच्याच पोटात. दोन्ही टोकांना मोटर आपोआप थांबवणारे स्विच. झालं, बटण दाबलं की काम फत्ते.

बटणही नको, असं ठरवलं तर काय होतं? पॅरिसमध्येच १९८७ साली सुरू झालेली ‘अरब जगत संस्था’ बघा. ज्याँ नुव्हेल आणि सहकाऱ्यांनी तिच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर २४० धातूचे फलक बसवले. प्रत्येकात कॅमेऱ्याच्या छिद्रासारख्या लहान-मोठ्या होणाऱ्या झडपा आणि उजेड मोजून त्यांना हुकूम देणारे संवेदक. कल्पना देखणी होती, पण यंत्रणा रखडत गेली. कित्येक वर्षं त्या झडपा बहुतांशी स्थिरच होत्या. २०१७ मध्ये त्यांची दुरुस्ती झाली. हलणारे भाग वाढले की देखभालही वाढते, हे प्रकल्प-प्रस्तावात कोणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

मात्र खरं वळण यंत्रात आलं नाही, माणसांकडे बघण्यात आलं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या रुबिन, कॉलिन्स आणि टिबॉट यांनी कार्यालयांच्या खिडक्यांचे फोटो काढले, मध्येच ब्लाइंड्सची स्थिती मुद्दाम बदलली आणि वाट पाहिली. बऱ्याच लोकांनी त्या पुन्हा पूर्वीसारख्या केल्या. म्हणजे पडदा ‘सहज तसाच राहिलेला’ नव्हता. तो ठरवून ठेवलेला होता. १९८४ मध्ये मार्क रिया यांनी ओटावातल्या एका उंच इमारतीचे फोटो ढगाळ आणि निरभ्र दिवशी घेतले. दिवसभरात लोक पडद्यांना फारसा हातच लावत नव्हते. क्षणाक्षणाच्या उन्हापेक्षा त्या दिशेच्या उन्हाचा जुना अनुभव त्यांना पुरत होता.

आता स्वयंचलित यंत्रणेकडे परत या. ती नेमकं उलट करते: ढग आला, वर, ऊन आलं, खाली. वीज वाचवायला हे योग्य असेलही. पण ज्याने पडदा विचारपूर्वक ठेवलाय, तो ते खपवून घेईल का? त्याने वारंवार हाताने दुरुस्ती केली, तर बचतीचा हिशेब कागदावरच राहणार. त्यामुळे ‘किती वीज वाचली’ याच्या जोडीला ‘माणसाने यंत्राला किती वेळा खोडून काढलं’ हेही मोजण्याजोगं राशिमान ठरतं.

आणि इथेच तुमच्यासाठी जागा आहे. वरचे दोन्ही अभ्यास कार्यालयांतले, थंड देशांतले आहेत. घर दुपारी रिकामं असतं, रात्री भरलेलं. तिथे पडदा उन्हासाठी पडतो, तसाच समोरच्या गॅलरीतल्या नजरेसाठी आणि बाळाच्या झोपेसाठीही. कार्यालयातला नियम उचलून पुण्या-नागपूरच्या घरात बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

म्हणून जुना शोधनिबंध वाचताना वहीत तीन रकाने आखा: काय मोजलं, कोणाचं मोजलं, कुठे मोजलं. तिसऱ्या रकान्यात ज्या ठिकाणाचं नाव नाही, तिथून तुमचा प्रश्न सुरू होऊ शकतो. सुरुवातीला मोटर लागतच नाही. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या एका खिडकीला आतून पडदा, दुसरीला बाहेरून ताडपत्री लावा आणि दोन थर्मामीटर घेऊन आठवडाभर दर तासाला नोंदी करा. घरच्यांनी तुम्हाला न विचारता पडदा किती वेळा सरकवला, तेही लिहून ठेवा. त्या नोंदी चुकीच्या म्हणून खोडू नका. कदाचित त्याच तुमचा विदा असतील.