आतडे राखणारा किरणोपचार

न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली मार्गारेट क्लीव्ह्ज यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियम वापरले. किरणांनी गाठ विरते. पण शेजारचे आतडेही होरपळते, आणि बऱ्या झालेल्या स्त्रीला ते दुखणे वर्षानुवर्षे सोसावे लागते. ही किंमत अटळ आहे काय, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. सुप्रिया चोप्रा व सहकाऱ्यांनी तपासले. २०११ ते २०१९ या काळात, शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० स्त्रिया यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागल्या गेल्या. एका गटाला रूढ उपचार; दुसऱ्याला प्रतिमा पाहून नेम जुळवणारा आणि आतड्याकडे तीव्रता कमी राखणारा. तीन वर्षांत आतड्याचे मध्यम वा तीव्र विकार अनुक्रमे ४२.४ आणि २१.१ टक्के स्त्रियांत आढळले. यंत्रे महाग, म्हणून हा पुरावा आपल्याकडे विशेष मोलाचा. कर्करोग उलटण्याच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही.