बोट पंज्याचं कोण लागतं?

लंडनचा व्यापारी जॉन ग्राँट याने १६६२ साली शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या चाळून एक पुस्तक काढलं. त्या याद्यांत ‘दात आणि जंत’, ‘म्हातारपण’, ‘प्लेग’ अशी मरणाची कारणं शेजारी शेजारी नांदत होती. कारण ठरवायच्या प्रेतं बघत फिरणाऱ्या बायका, बहुधा वयस्क. दात येण्याच्या वयात मूल दगावलं की ते दातांच्या खात्यात जाई. अवयव, वय आणि रोग सगळे एकाच रांगेत!

एकाच रोगाला तीन-चार नावं आहेत, अशी तक्रार विल्यम फारने १८३९ साली इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या पहिल्या अहवालात केली. झाक बेर्तियोंने १८९३ साली शिकागोत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. आजची आयसीडी ही आंतरराष्ट्रीय रोगसूची तिचीच वंशज. पण ही सगळी मोजदादीची खाती. एक मृत्यू, एक रकाना. शरीर कसं जोडलेलं आहे, हे त्यांना सांगायचंच नव्हतं.

संगणक आल्यावर अडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘मेश’ या विषयसूचीत इन्फ्लुएन्झा विषाणुजन्य रोगांखाली येतो आणि बोटं पंज्याखाली. पहिलं नातं प्रकाराचं, दुसरं भागाचं. सूचीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात. ग्रंथपालाचं काही बिघडत नाही, त्याला लेख सापडला की झालं. यंत्राला तर्क करायला लावा, मग बघा. बोटाचं हाड मोडलं तर ती पंज्याची इजा, हे बरोबर. पण त्याच न्यायाने बोट कापलं तर पंजा कापला! डॉक्टर हसेल, यंत्र तशी नोंद करून मोकळं होईल.

जर्मनीत श्टेफान शुल्त्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली यावर तोड काढली. प्रत्येक अवयवाच्या तीन नोंदी करायच्या: अख्खा पंजा, पंज्याचा भाग आणि या दोघांना पोटात घेणारी ‘पंज्याची रचना’. इजा रचनेला जोडायची, छेदन अख्ख्याला. रुग्णांच्या नोंदींसाठीच्या ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय परिभाषेत ही कल्पना उतरली. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो.

मुळाशी हात घातला तो सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. शरीररचनाशास्त्रज्ञ कॉर्नेलियस रॉस आणि मेहिनो यांनी २००३ साली ‘फाउंडेशनल मॉडेल ऑफ ॲनाटॉमी’ ही संदर्भ ऑन्टॉलॉजी, म्हणजे संज्ञा आणि त्यांची आपसातली नाती यांचा यंत्राला वाचता येईल असा आराखडा, मांडली. रोग, उपचार, बिलं यांतलं काही तिच्यात घेतलं नाही. शरीर कशाचं बनलं आहे आणि कोण कोणाचं कोण लागतं, एवढंच. जठराची पोकळी घ्या. तिला वजन नाही, तरी तिची स्वतंत्र नोंद आहे, कारण आतली पोकळी आणि भोवतीची भिंत एक मानली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. अर्थात हे आदर्श शरीर आहे. घोड्याच्या नालासारखं जुळलेलं मूत्रपिंड त्यात बसत नाही. ही ऑन्टॉलॉजी रुग्णालयात जशीच्या तशी कुणी वापरू नये. ज्याने त्याने कामापुरता तुकडा तिच्यातून कापून घ्यावा.

भारत २०१४ साली ‘स्नोमेड’च्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला. देशातलं वितरण पुण्याच्या सी-डॅककडे आहे आणि परवान्याला पैसे पडत नाहीत. तेव्हा रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे कोडची लांबलचक यादी मागू नये. ‘पंज्याची इजा’ शोधल्यावर बोट मोडलेला रुग्ण सापडतो का, आणि ‘पंज्याचं छेदन’ शोधल्यावर बोट गमावलेला वगळला जातो का, हे समोर बसून करून दाखवायला सांगावं.